व्हर्ल स्टकीची बिनफटीची पेटी

व्हर्ल स्टकीने अडतीस वर्षं अमेरिकेतल्या टोलीडो शहरात काचा बसवल्या. त्यांतली सव्वीस वर्षं काचेचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. त्याने बसवलेल्या खिडकीतून कधी थेंब आत आला नाही की वारा आला नाही. बाकी माणूस कोरडा होता.

बायको आजारी असताना तो रविवारीही कामावर जायचा. ती गेल्यावर मुलगी कोरीन त्याच्याशी सहा वर्षं बोलली नाही. मग एका मार्चमध्ये ती दारात उभी राहिली. तिला तीन महिने परगावी जायचं होतं आणि तिचे सरडे सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. चार आफ्रिकी बुटके घोयरे सरडे, बोटाएवढे, वाळक्या पानासारखे. एक मादी अंड्यांवर आलेली. सोबत जाळीच्या झाकणाची जुनी पेटी आणि सूचनांचा कागद. जाताना ती म्हणाली, जमलं तर यंदा नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येईन. हे वाक्य व्हर्लने मला त्या आठवड्यात चार वेळा सांगितलं.

कागदावर लिहिलं होतं, पेटीत ओल टिकली पाहिजे. व्हर्ल तिथेच थांबला. जाळीतून ओल उडते, दिवसातून दोनदा फवारा मारावा लागतो, हे त्याला गळक्या कामासारखं वाटलं. त्याने नवी पेटी करायला घेतली. जाड काच, कडा हाताने घासलेल्या, सांधे असे की नख अडकणार नाही. तळाला खडी, वर माती, त्यावर ओकची पानं, कॉफीच्या झाडाच्या बारीक फांद्या. झाकणही काचेचं, कडेला रबराची पट्टी. अकरा दिवस लागले. असं काम मी परत पाहिलं नाही.

पेटी जागेवर ठेवताना मी विचारलं, "हवा कुठून जाणार?"

"सव्वीस वर्षं माझ्यामागे काच धरलीस," तो म्हणाला, "कापलीस कधी?"

मला राग आला. मी गप्प बसलो. पुढे दर शनिवारी मी त्याच्याकडे कॉफी प्यायला जायचो. आतल्या काचेवर पाणी साचलेलं असायचं. तो बोटाने दाखवायचा, बघ, फवारासुद्धा लागत नाही. मे महिन्यात पानांवर पांढरी बुरशी आली. सरडे तोंड उघडं टाकून, मान वर करून बसू लागले. तो म्हणाला, खाऊन सुस्तावलेत. मी मान डोलावली.

जूनमध्ये कोरीन आली. झाकण काढलं तसा तळघरासारखा वास आला. तिने पानं एकेक करून बाजूला केली. दोन जिवंत होते, दोन मेलेले. अंड्यांवरची मादी मातीवर पडली होती, अंडी पोटातच.

"एक फट नाही पेटीला," व्हर्ल म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं.

"डॅड, कागदाची दुसरी बाजू वाचलीस का?"

ती ओरडली नाही, रडलीही नाही. उरलेले दोघे जुन्या जाळीच्या पेटीत घालून निघून गेली. त्याने कागद उलटला. मागे पहिलीच ओळ होती : जाळी कधीही झाकू नये, यांना हलती हवा लागते.

मग त्याने मला विचारलं, "तुला कळलं होतं?"

"मी म्हणालो होतो तुला."

"एकदा," तो म्हणाला. "कामावर काच वाकडी बसत असली की मी थांबेपर्यंत तू बोंबलायचास."

हे खरं होतं.

त्याने कोरीनला पाच पत्रं टाकली. थँक्सगिव्हिंगला टर्की आणली, तीन माणसांपुरती. मी बोलावणं नसताना गेलो. त्याने माझं ताट वाढलं, पण कोरीनच्या रिकाम्या खुर्चीवर मला बसू दिलं नाही.