दार बडवणाऱ्या बायका

तिला सगळे भिंगरीच म्हणत. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, सून म्हणायची, "आईंना चहासुद्धा उभ्यानेच गोड लागतो." दवाखाना असो की सिनेमागृह, आत शिरली की ती आधी दार निरखायची: आत उघडतं की बाहेर, कडी कुठल्या बाजूला. लोक हसायचे. तिला त्याचं काही नव्हतं, पण बाहेर पडेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

तरुणपणी ती आणि तिची थोरली बहीण एकाच शिलाई कारखान्यात होत्या. ताई वरच्या मजल्यावर काजं-बटणं करायची, ही खाली इस्त्रीला. बायका कापड पळवतात असा मालकाला संशय, म्हणून वरच्या दाराला बाहेरून कुलूप. एका दुपारी वायरींनी पेट घेतला. कापडच ते, बघता बघता भडकलं. भिंगरी इस्त्री हातात घेऊनच जिना चढली. आतून दारावर हात आपटत होते. तिने इस्त्रीने कुलूप ठेचायला घेतलं. ते तुटलं, पण तोवर फार उशीर झाला होता. ज्या बाहेर पडल्या त्यांच्यात ताई नव्हती.

वाचलेल्या बायकांनी समोरच्या फुटपाथवर सतरंजी टाकली आणि त्यांची संघटना तिथेच सुरू झाली. घरच्यांनी नाकं मुरडली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टवाळी केली. तरी त्या कोर्टात गेल्या, मोर्चे काढले, आणि कामाच्या वेळी दारं उघडी राहतील असा नियम करून घेतला. पुढे पाळणाघर आलं, बाळंतपणाची रजा आली. भिंगरी कधी भाषणाला उभी राहिली नाही. ती कारखाने पालथे घालायची, दारं ढकलून बघायची.

कित्येक वर्षांनी त्याच जागी स्मारकाला परवानगी मिळाली. शिल्पकार बाईने मातीचा नमुना आणला: मान खाली घातलेली, डोळे मिटलेली एक बाई. सगळ्यांना आवडला.

"ही कोण?" भिंगरीने विचारलं.

"त्या सगळ्याजणी, मावशी," शिल्पकार म्हणाली.

"आमची ताई मान खाली घालून गेली नाही. दार बडवत गेली."

संघटनेची अध्यक्षबाई तिची फुटपाथपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "अगं, गेलेल्यांच्या घरची माणसं येऊन बसतील तिथे. त्यांना जरा शांत वाटू दे की."

"मला कुठे वाटतंय शांत?"

"तुझं काय सांगतेस! तुला पाळण्यातसुद्धा वाटलं नसेल."

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्या रात्री ती घरभर येरझारा घालत राहिली.

सकाळी ती थेट शिल्पकाराच्या शेडवर गेली. "तू बाहेर जा आणि कडी लाव," म्हणाली. शिल्पकाराला गंमत वाटली. मग आतून आवाज सुरू झाला. आधी मुठी, मग उघडे पंजे, मग खांदा. शिल्पकाराने घाबरून कडी काढली. भिंगरी घामाने डबडबली होती.

"तेव्हा मी बाहेरच्या बाजूला होते गं," ती धापा टाकत म्हणाली. "आतलं आज कळलं."

शिल्पकाराने नमुन्यावरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि आपल्याच हाताने त्या बाईची मान मोडली.

बैठकीत बरीच खडाजंगी झाली. शेवटी अध्यक्षबाई म्हणाली, "बरं बाई, तुझंच खरं. पण समोर बसायला बाक ठेवायचाच." अशी ती मूर्ती झाली: पंजे वर उचललेली, तोंड उघडं.

उद्घाटनाला एक म्हातारा आला होता. त्याची मुलगी त्या आगीत गेली होती. मूर्ती पाहिली आणि तो बाकावर पाठ फिरवून बसला. भिंगरी त्याच्या शेजारी टेकली.

"खरं तेच केलंत," तो म्हणाला. "पण मला नाही बघवत."

अध्यक्षबाईचं भाषण चालू असतानाच भिंगरी उठली आणि मागच्या गल्लीत शिरली. तिथे एका नव्या शिलाईखान्यात मशिनी घरघरत होत्या. तिने दार ढकललं. बाहेरून कुलूप.

"उघडा!" ती ओरडली.

"किल्ली सुपरवायझरकडे आहे," आतून एक पोरगी म्हणाली. "ते जेवायला गेलेत."

भिंगरी पळत परतली आणि तिने व्यासपीठावरच अध्यक्षबाईचा हात धरला. "चल."

"अगं, पाहुणे बसलेत..."

"चल म्हणते ना!"

अर्धी सभा तिच्या मागे निघाली. बायकांचा घोळका पाहून सुपरवायझर धावत आला, त्याने चाचपडत कुलूप काढलं. "आजच्या दिवस चुकून..." तो पुटपुटला.

"नुसतं कुलूप नको, कडीच काढ," भिंगरी म्हणाली. आतल्या त्या पोरीने मशीनचे स्क्रू काढायचा पेचकस आणला आणि कडी उखडली.

चार दिवसांनी कडी पुन्हा बसली. संघटनेने तक्रार केली, निरीक्षक आला आणि भिंतीत दुसरं दार पाडून होईपर्यंत काम बंद झालं. पोरी भिंगरीवर तुटून पडल्या: "तुमच्यापायी आमचा रोज बुडतोय, मावशी!"

"द्या शिव्या," ती म्हणाली. "पण दाराबाहेर उभ्या राहून द्या."

काही जणी फणकाऱ्याने निघून गेल्या. पेचकसवाली मात्र पुढच्या बैठकीला आली, आणि आल्या आल्या तिने विचारलं, "आमच्या शेजारच्या कारखान्यात कधी जायचं?"