कच्ची कॉइल

मी स्वभावाने क्षमाशील नाही. घरचे म्हणतात, कुणी हिच्या पायावर पाय दिला तर तो हिच्या जन्मभर लक्षात राहतो. खरं आहे. त्यामुळे खराडीच्या त्या दुकानदाराला मी सोडणार नव्हते.

माझं काम स्पीकर दुरुस्तीचं. कसबा पेठेतल्या एका बोळात, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेरच थांबावं एवढी जागा. वडिलांकडून शिकले. वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, जळून आला की त्याचा कागदी कोन कापायचा, आतली काळी पडलेली कॉइल काढायची, नवी तार गुंडाळून नवी बसवायची. वडिलांच्या वेळी मंडपवाल्यांचे भोंगे यायचे, आता गाड्यांच्या डिकीतले वूफर येतात. बारा इंची, पंधरा इंची. उचलताना कंबर बोलते.

खराडीचा हा गृहस्थ गाड्यांना साउंड बसवून द्यायचा. त्याची एक खोड होती. वूफर डिकीत दिसतो, म्हणून तो भला मोठा द्यायचा. वूफरला ताकद पुरवणारा अॅम्प सीटखाली जातो, तिथे कोण वाकून बघतंय, म्हणून तो लहान. मग आवाज कमी पडला की अॅम्पवरचा गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळायचा. गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. गाडीच्या स्टिरिओशी अॅम्प जुळवून घेण्यासाठी ते असतं. लहान अॅम्प असा पिळला की आवाज फाटतो, त्या फाटक्या आवाजाने कॉइल तापत राहते आणि एक दिवस डिकीतून जळका वास येतो. लोक समजतात, मोठ्या अॅम्पने वूफर जळतात. माझ्याकडे येणारे निम्मे लहान अॅम्पने जळलेले असतात.

जळलेले वूफर तो माझ्याकडे धाडायचा. मी दुरुस्त करून द्यायचे, तो पुन्हा त्याच अॅम्पला जोडायचा, ते पुन्हा जळायचे. गिऱ्हाईक चिडून आलं की त्याला काय सांगायचा, हे मला फार उशिरा कळलं. सांगितलं एका गिऱ्हाइकानेच. खराडीपलीकडच्या गावातला, चांगला उंचापुरा माणूस, वूफर खांद्यावर घेऊन माझा पत्ता शोधत आला होता.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पर तुमची कॉइल कच्ची हाय म्हनत्यात. दुकानदारच म्हनला. कसब्यातली बाई तार हलकी वापरती."

मी त्याला अॅम्प, गेन, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यो एवढा मोठा दुकानदार हाय. खोटं कशापायी बोलंल?"

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी त्या दुकानदाराला फोन केला. म्हटलं, "अहो, पुढच्या वेळी मी पाठवलेला वूफर जोडण्याआधी त्याला मीटर लावून बघा. कॉइल चार ओहमची असते, मी वर लिहिते तशीच असते."

"मॅडम, मीटर कशाला? आम्हाला कान आहेत ना," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

वर्षभर हे चाललं. काम पाठवणं त्याने बंद केलं नाही; दोष द्यायलाही कुणीतरी लागतं. पण बाकीच्यांनी बंद केलं. कॅम्पातला एक जुना दुकानदार, वडिलांच्या काळापासूनचा, तोही आधी कमी आणि मग अजिबातच पाठवेनासा झाला. विचारलं तर म्हणाला, "सध्या कामच नाही हो." त्याच्या दुकानासमोर तीन गाड्या उघड्या पडलेल्या मला दिसत होत्या. आमच्या धंद्यात पाटी नसते, जाहिरात नसते. एकाने दुसऱ्याला सांगितलेलं नाव, एवढंच असतं. ते तो खात होता.

मग एकदा त्याने स्वतःच्या गाडीचे दोन वूफर पाठवले. रविवारी दुकानात नवा साउंड ऐकवणार होता, शहरातल्या धंद्यातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. फोनवर त्यानेच सांगितलं, या वेळी अॅम्प मोठा, वूफरला साजेसा. म्हणजे जुळवाजुळव त्याला येत होती. फक्त स्वतःच्या गाडीपुरती येत होती. हे कळल्यावर माझा उरलासुरला विचार संपला.

ओहम म्हणजे कॉइल विजेला किती अडवते त्याचं माप. ओहम जितके कमी, तितका अॅम्पवर भार जास्त. चार-चारचे दोन वूफर शेजारी जोडले की अॅम्पला दोनच ओहम दिसतात, आणि त्याचा अॅम्प दोनपर्यंतच टिकणारा होता. मी तार किंचित जाड घेतली, वेढे कमी केले आणि दोन्ही कॉइली दोन ओहमच्या केल्या. म्हणजे अॅम्पला एकच ओहम दिसणार, आणि आवाज चढवला की अॅम्प बंद पडणार. जाड तार चुंबकाच्या फटीत बसवणं सोपं नसतं. आयुष्यात इतकं सफाईदार काम मी दुसरं केलेलं नाही. शेवटी चुंबकावर नेहमीसारखं मार्करने लिहिलं : चार ओहम. हात जरासुद्धा थांबला नाही.

रविवारी सकाळी दुसरा एक दुरुस्त वूफर पोचवायच्या निमित्ताने मी खराडीला गेले. पंधरा-वीस माणसं होती, कॅम्पातला जुना दुकानदारही. गाडीची डिकी उघडी होती. आवाज चढला, छातीत धक्के बसायला लागले आणि फट्कन सगळं शांत. अॅम्पवर लाल दिवा. त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा लाल दिवा. कुणीतरी खुदकन हसलं. त्याचे कान लाल झाले होते आणि मला इतका आनंद होत होता की पदर तोंडाशी धरावा लागला. जळ मेल्या, मी मनात म्हणत होते, आता बघू कुणाला दोष देतोस.

तिसऱ्यांदा बंद पडल्यावर त्याने मीटर मागवला. वर्षभरात पहिल्यांदा.

वूफरच्या तारा सोडवून त्याने मीटर टेकवला. चार ओहमची म्हणतात ती कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते. इथे दोनसुद्धा नव्हते. त्याने दुसऱ्या वूफरला लावला. तेच. चुंबकावरचं माझं अक्षर वाचलं, मग मीटर कॅम्पातल्या दुकानदारापुढे धरला. त्याने आकडा वाचला आणि माझ्याकडे न बघता मीटर पुढच्याला दिला.

मला वाटलं होतं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. वर्षभर स्वतः सांगत होता त्यावर त्याचाच कधी विश्वास नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"मॅडम," त्याने अगदी हळू विचारलं, "खरंच कच्चं काम करता तुम्ही?"

मुद्दाम केलं म्हणावं, तर त्यानंतर माझ्याकडे सुईसुद्धा दुरुस्तीला कुणी दिली नसती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"चूक झाली," मी म्हणाले.