साबणाच्या डबीचे तुकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवीपुढंही नाही. तुळजापुरात जन्म काढून देवीपुढं गप्प राहणं सोपं नसतं, पण मी राहिलो. तिच्यासमोर उभा राहिलो की पावसापाण्याचं मागायचो, गुडघेदुखीचं सांगायचो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हा इथल्या शाळेत लागलो. शेजारी नरहरराव राहायचे. तहसिलात कारकून, बायको कधीच गेलेली. शिक्षण उर्दूतलं, घरी शिकलेलं मराठी वाचायचे, पण इंग्रजीचा गंध नाही. एकुलता एक मुलगा वसंत हवाई दलात मेकॅनिक होता. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तीन महिने मी नरहररावांच्या हातची भाकरी खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो — खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस कसा असतो, ते तुम्हाला दिसावं म्हणून.

वसंताला सरकारनं शिकायला विलायतेला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यानं छावणीतून वडिलांना एक पार्सल पाठवलं. पुठ्ठ्याचं खोकं, वर दोन पंख्यांच्या विमानाचं चित्र, आत प्लॅस्टिकचे करडे सुटे भाग, चौकटीला कैऱ्यांसारखे लटकलेले. सोबत गोंदाची नळी आणि इंग्रजी कागद. चिठ्ठीत लिहिलं होतं — आप्पा, मी ज्या विमानावर काम करतो ते असंच आहे. शेजारच्या मास्तरांकडून जोडून, रंगवून घ्या. पंखांवर खोक्यातलं इंग्रजांचं गोल चक्र लावू नका, आपलं रंगवायला सांगा. दिवाळीला येतो तेव्हा बघीन.

नरहरराव खोकं घेऊन आले. म्हणाले, “माझ्या हाताला थरथर सुटलीय हो मास्तर. तुमच्या बोटांत कसब हाय. आता जिम्मा तुमचा.”

जिम्मा मी घेतला. शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत दार लोटून बसायचो. एकेक भाग ब्लेडनं सोडवायचा, कडा पॉलिश कागदानं घासायची, गोंदाचा थेंब टाचणीच्या टोकावर घ्यायचा आणि दोन बाजू दाबून शंभर आकडे मोजायचे. सांधा असा बसायचा की नखालासुद्धा लागू नये. चंदेरी रंग ट्रंका रंगवणाऱ्या कारागिराकडून वाटीभर मागून आणला. आपल्या चक्रासाठी ब्रशाचे केस कापून कापून चारच ठेवले. केशरी बाहेर, मग पांढरा, मध्ये हिरवा. श्वास रोखून रंगवलं. पंखे फुंकर मारली की फिरायचे. खिडक्या सुपारीच्या खांडाएवढ्या, पण आरपार.

किती सुख होतं त्यात, कसं सांगू? जन्मभर मी पोरांना कलश आणि केळीचं पान काढायला शिकवायचं, असं माझं ठरून गेलं होतं. हे पहिलंच काम माझ्या हातून असं झालं, की त्यात मलाच खोट काढता येईना. टेबलावर ठेवलं, खिडकीतून ऊन आलं, आणि मी ठरवलं — नाही, ठरवलं असंही म्हणता येत नाही. मी ते कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

आणि नरहररावांना जाऊन सांगितलं, की भाग टपालातच मोडलेत. बरेच नाहीतच. जोडता येणार नाही.

इथवरची चोरी तुम्हाला कळली असेल. पण रिकामं खोकं परत कसं देणार? हलवलं तर वाजायला नको? माझी जुनी प्लॅस्टिकची साबणाची डबी होती, करडीच. ती मी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडली, तुकडे धुतले आणि रिकाम्या चौकटींसोबत खोक्यात घातले. नरहररावांनी झाकण उघडून पाहिलं. एक तुकडा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. म्हणाले, “तुमी तरी किती खटपट केली असंल. असू द्या.” वासाचं काही बोलले नाहीत. साबणाचा वास येत होता — मला येत होता.

नरहररावांनी ते वसंताला कळवलं, मग त्याचं पत्र आलं. पाठवण्याआधी त्यानं स्वतः खोलून पाहिलं होतं, एकही तुकडा मोडला नव्हता, असं लिहिलं होतं. पुढं लिहिलं होतं, दिवाळीला येतोच आहे, मी आणि मास्तर मिळून बघू काय जमतं ते. नरहररावांनी ते मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला तर त्या पत्रातलं अक्षरन्‌अक्षर माझ्याकडं बघतंय असं वाटलं. वसंत येणार, खोकं उघडणार आणि एका नजरेत ओळखणार. तो मेकॅनिक होता. विमान आणि साबणाची डबी यांतला फरक त्याला कळणार नाही तर कुणाला?

तेवढे दिवस मी झोपलो नाही, जेवलो नाही. विमान देऊन टाकावं, पाया पडावं, असं रोज ठरवायचो. शाळा सुटली की कपाट उघडायचो, त्याच्याकडं बघायचो, पुन्हा कुलूप लावायचो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी नरहरराव तार घेऊन माझ्याकडं आले. तार इंग्रजीत होती. तार देणाऱ्या पोस्टमनलाही वाचायला सांगितली नव्हती. माझ्याकडंच आले, कारण घरातला माणूस मीच. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

विमान डोंगराळ भागात बेपत्ता. वसंत त्यात होता.

आता ऐका. मला सांगायचंय ते चोरीचं नाही. तार वाचली आणि त्याच क्षणी, दुःख व्हायच्या आधी, मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी खोकं उघडणार नाही — हे, एवढंच, पहिलं मनात आलं. एक लांब श्वास माझ्या छातीतून बाहेर पडला. नरहरराव माझ्याकडं बघत होते. त्यांना वाटलं, बातमी चांगली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. आणि मग मी त्यांना मराठीत सांगितलं.

तीन महिन्यांनी शोध थांबवल्याचं सरकारी पत्र आलं. ते इंग्रजी पत्रही मीच वाचलं. देह नाही, तेव्हा गुरुजींनी पळसाच्या देठांचा माणूस बांधायला सांगितलं — दर्भानं आवळलेला, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा. नरहरराव म्हणाले, पोराच्या हाताची शेवटची वस्तू त्याच्यासोबत जाऊ द्या. गुरुजी म्हणाले, शास्त्रात असं नाही. नरहररावांनी हात जोडले, तेव्हा गुरुजींनी मान डोलावली. खोकं आणायला नरहररावांनी मलाच घरी पाठवलं.

वाटेत शाळा होती. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी थांबलो का? थांबलो. पण विमान जळून जाईल, असं मनात आलं. माझं विमान — हाच शब्द मनात आला. मी खोकं घेऊन पुढं गेलो.

पळसाच्या माणसाच्या छातीवर ते नरहररावांनी स्वतः ठेवलं. पुठ्ठा पटकन जळाला. मग प्लॅस्टिक वितळलं, काळा धूर निघाला, लोकांनी उपरणी नाकाला लावली. नरहरराव तिथंच उभे राहिले, तोंड न फिरवता. बऱ्याच वेळानं माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, “त्यालाबी असाच वास आला असंल का हो, मास्तर?”

ते एका बापानं आपल्या पोराच्या शेवटाबद्दल विचारलं होतं, आणि वास माझ्या साबणाच्या डबीचा होता. मी म्हणालो, “नसंल.”

नरहरराव त्यानंतर अकरा वर्षं जगले. दर सणाला माझ्याकडं जेवले. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या तोंडात पाणी मीच घातलं, आणि गावानं म्हटलं, मास्तरांनी मुलासारखं केलं. मी ते ऐकून घेतलं.

विमान माझ्याकडं आहे. निवृत्त झालो तेव्हा घरी आणलं, ट्रंकेत ठेवलं. आज सकाळीही काढून धूळ पुसली. चंदेरी रंग थोडा काळवंडलाय, चक्र मात्र तसंच आहे. फुंकर मारली की पंखे अजून फिरतात. आणि फिरताना बघून मला अजून आनंद होतो.