तिसरा राजा

नातवंडांना अक्कल शिकवताना मला आतून हसू येतं. साठीला टेकलेली, धर्मशिक्षणाच्या वर्गाची टीचर, वसईजवळच्या निर्मळमध्ये जिचा शब्द कोणी खाली पडू देत नाही अशी ही बाई. आणि नाताळच्या नाटकात तिनं गाणारीला पडद्यामागे लपवून ओठ हलवणारीला पुढे उभं केलं! वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन करंज्या जास्तच खाल्ल्या.

ती गाणारी म्हणजे रोझालिन. कर्नाटकातल्या हल्याळकडची सिद्दी, इथल्या एका नर्सिंग होममध्ये आया. तिच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणलं, त्याला शतकं लोटली. तरी नालासोपाऱ्यात कोणी अडवलं की नावाआधी तिला आधार कार्ड काढावं लागे. रिक्षावाला विचारी, "मॅडम, नायजेरिया?" ती म्हणे, "न्हय रे बाबा, बेळगावच्या पुढं." एकदा हवालदारानं पासपोर्ट मागितला. "साहेब, मी विमान अजून जवळनं पाहिलं नाही. तुम्ही दाखवता?" हे सगळं हसत सांगायची, आणि सांगून झालं की ओढणी घट्ट लपेटून घ्यायची.

एकदा मला म्हणाली, "टीचर, तुम्हाला बाप्तिस्मा दिला त्याच लोकांनी आम्हालाही दिला. तुम्हाला तुमच्या वाडीत ठेवलं, आम्हाला गलबतात घातलं."

"जाऊ दे गं, आपण सगळी देवाचीच लेकरं," मी म्हटलं. विषय संपला. माझ्यापुरता.

नाटकात ती दर वर्षी तिसरा राजा. बाळ येशूला भेटायला येणाऱ्या तीन राजांतला एक काळा असतो. पूर्वी त्यासाठी कोणाच्या तरी तोंडाला कोळसा फासावा लागे. रोझालिन आली आणि कोळसा वाचला, हा माझा विनोद. तिलाच ऐकवलेला.

त्या वर्षी मात्र ती माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "टीचर, यंदा मला देवदूत करा. गाणं त्यालाच असतं."

"अगं, पण लोकांना पटायला नको? देवदूत म्हणजे कसा..." पुढचा शब्द मी गिळला. तिनं तो ऐकला.

ती भांडली असती. पण तिची खोली माझ्या दिराच्या वाडीत होती. त्याआधी पार आचोळ्यापर्यंत फिरूनही तिला कोणी खोली दिली नव्हती, आणि दीर माझ्या शब्दाबाहेर नव्हता. मला हे तेव्हा सुचलंच नाही. तिला रोज सुचत असणार. ती एवढंच म्हणाली, "बरं, टीचर."

देवदूत झाली माझी भाची. गोरीपान, आणि गळा असा की कावळ्यानं लाजावं. मग मला युक्ती सुचली: भाचीनं पंख लावून नुसते ओठ हलवायचे, रोझालिननं मागून गायचं. गाणं सुरू झालं आणि चर्चच्या अंगणातली कुजबुज बंद झाली. बायका डोळे पुसत भाचीकडे बघत होत्या. "काय आवाज दिलाय गं देवानं पोरीला!"

मी धावत पडद्यामागे गेले. रोझालिन अंधारात चाचपडत डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट बसवत होती. पुढचा प्रवेश राजांचा.

"बघ, शेवटी तूच गायलीस की नाही?" मी तिचा दंड दाबून म्हटलं. "आपल्यात रंग कोण बघतो?"

ती म्हणाली, "खरंय, टीचर. इतक्या काळोखात बघणार कोण? आता सरा जरा, काळा राजा व्हायला मला उजेडात जायचंय."