खाड्या वगळून

माझं पुस्तक किती लोकांनी वाचलं नाही ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण उरलेल्या प्रती माझ्याच खाटेखाली आहेत. पेपरातला लेख मात्र अख्ख्या रत्नागिरीने वाचला. आमच्या हेडमास्तरांनी तर प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला मोठ्याने वाचून दाखवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. एका दिवाळीच्या सुट्टीत केळशीहून निघालो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पावसपर्यंत चालत आलो. सोबत छत्री, पिशवी आणि वही. त्यात मोठंसं काही नव्हतं. आमचे आजे-पणजे लग्नालासुद्धा चालतच जायचे. पण वहीचं पुस्तक झालं, कुणीतरी ते एका मोठ्या पेपराला धाडलं आणि माझे ग्रह फिरले.

एक वार्ताहर आणि एक फोटोग्राफर घरी आले. वार्ताहराच्या हातातलं माझं पुस्तक कोरं करकरीत होतं, उघडल्याची खूण नाही. फोटोग्राफरला माझी छत्री पसंत पडेना. "प्रवासी वाटत नाही हो, विमा एजंट वाटता," म्हणाला. शेवटी शेजाऱ्यांची म्हैस हाकायची काठी माझ्या हातात देऊन त्याने मला पांढरा समुद्र म्हणतात त्या आमच्या किनाऱ्यावर अकरा वेळा चालवलं. दर वेळी एकच हुकूम, "क्षितिजाकडे बघा." क्षितिजाकडे बघत चालणाऱ्याचा पाय कालवांच्या धारदार शिंपांवर पडून फाटतो, हे सांगून मी थकलो.

वार्ताहर एकच विचारत होता. "एकदाही वाहनात बसला नाहीत ना?"

"नाही. फक्त खाड्यांवर होडी."

त्याला मी वर्गातल्यासारखं समजावलं, की आपल्या किनाऱ्यावर थोडं चाललं की खाडी आडवी येते, आणि होडीशिवाय पलीकडे जाता येत नाही. एका तरीवाल्याबद्दल, म्हणजे उतारूंना होडीने पलीकडे नेणाऱ्या माणसाबद्दल, खास सांगितलं. दिवसाची शेवटची फेरी संपली होती, तरीपण त्याने माझ्या एकट्यासाठी होडी काढली, घरी नेऊन जेवायला घातलं, आणि मागितलं एवढंच, "मास्तर, लिवलाव तर माजं पन लिवा." पुस्तकात त्याच्यावर अख्खं पान आहे. खाडीचं नाव देत नाही, उगाच आणखी कुणी पेपरवाला तिथे तडमडायचा. वार्ताहर मान डोलवत होता. मी समजलो, लिहून घेतोय.

लेख आला. मथळा, 'ना गाडी, ना होडी!' खाली मी, काठी आणि क्षितिज.

मी भूगोलाचा मास्तर, मग खाड्या काय उडून ओलांडल्या? आणि संताप याचा, की ज्या रत्नागिरीत प्रत्येकाने जन्मात शंभरदा तरी होडीने खाडी ओलांडलेली, तिथे एकानेही हे विचारलं नाही. पेपरात आलंय ना, मग खरंच असणार! सत्कार सुरू झाले. प्रत्येक सत्कारात मी होडीचं सांगायचो आणि अध्यक्ष म्हणायचे, "विनय बघा यांचा."

चिडून पेपराला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी खुलासा छापून आला, की सदर प्रवाशाने खाड्या पोहून पार केल्या. मला पोहता येत नाही.

सत्कारांच्या नादात तरीवाल्याकडे जायचं राहिलं, ही मात्र माझी चूक. मे महिन्यात पुस्तक घेऊन गेलो. तो होडीत बसला होता. त्याने मला पाहिलं आणि ओळख दिली नाही.

"मी गावात सांगितलं, मास्तरांस मी उतरवलं," तो शेवटी म्हणाला. "आता पोरं माका थापाड्या म्हनतात. पेपर खोटा का मी खोटा?"

"पेपर खोटा."

"तुमी होडीत बसत नाय ना? मग जावा चालत."

आणि त्याने होडी लोटली. त्याचं घर पलीकडच्या काठावर, आणि तो काठ हाकेच्या अंतरावर होता. खाडीला वळसा घालून जायचं तर दिवस मोडतो. मी छत्री उघडली आणि निघालो. चिखल, कांदळाची झुडपं, डोक्यावर वैशाख. वाटेत मी त्या वार्ताहराला सुचतील तेवढ्या शिव्या घातल्या, आणि त्या संपल्यावर स्वतःला.

दिवस मावळताना त्याच्या अंगणात पोचलो. त्याने माझे पाय पाहिले. पाण्याचा तांब्या आणि गूळ आणला, मग शेजारीपाजारी हाका मारून गोळा केले. मी ते पान मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "बुकात काय, कोन पन लिवील. पेपरात तर होडी नव्हती."

तरीवाल्याचा चेहरा इतका पडला की मला रडू यायचं बाकी होतं.

सकाळी त्याने मला होडीत बसवलं, पण सरळ पलीकडे नेलं नाही. गावाच्या काठाकाठाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो वल्हवत राहिला, आणि विहिरीवरच्या बायकांपासून जाळी विणणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला ओरडून सांगत राहिला, "बगा, मास्तर होडीत बसलेत!" मी शरमेने खाली मान घातली, तर माझ्यावरच खेकसला, "मास्तर, तोंड वर करा, लोकांस दिसूंदे."

मी तोंड वर केलं. क्षितिजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काठावरच्या एकेका माणसाच्या डोळ्याला डोळा देत, हात जोडून बसून राहिलो.