कढईची पाळी आणि अकरा फोन

कुरुंद्यात हळद शिजायला लागली की गावावर दिवसभर वाफ तरंगत राहते. दोन हजार सात-आठच्या सुमाराचे ते दिवस आठवले की मला आधी तो ओलसर, मातकट वास येतो आणि त्यामागून वसमतच्या कॉम्प्युटर क्लासमधली दुपार. तिथं मी शिकवायची. मुलं जेवायला गेली की रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहायचा, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी रंगवलेला खोटा फोन हळूच पिवळा व्हायचा. त्याच्याकडे बघत मी कितीतरी वेळ नुसती बसून असायची.

आमच्या शिवारात अकरा घरांत मिळून हळद शिजवायची एकच कढई होती. ती पाळीपाळीने फिरायची. ज्याची पाळी जवळ आली त्याने हळद खणून तयार ठेवायची, आणि खणलेली हळद वेळेत शिजली नाही तर तिचा रंग उतरतो. पाळीचा निरोप वाटेने जाणाऱ्या कुणाच्याही तोंडी यायचा. तो चुकला की कढई पुढच्या घरी. म्हणून बाबा हंगामात दिवसातून दोनदा कढईपर्यंत चालत जाऊन बघून यायचे. त्यांचे गुडघे धरलेले. मला त्यांच्या त्या चकरा थांबवायच्या होत्या. गावाचं भलं वगैरे मला मागाहून सुचलं.

बेत सोपा होता. कढईवरचा माणूस मेसेजने काही आकडे पाठवेल, फोनातला माझा प्रोग्राम ते ओळखेल आणि ज्याची पाळी त्याचा फोन पिवळाजर्द होऊन मोठ्या अक्षरांत सांगेल, 'तुमची पाळी आली.' नुसता मराठी मेसेज का नाही? कारण तेव्हाच्या साध्या फोनांवर मराठीचे नुसते चौकोन उमटायचे.

हे बांधायचं कशावर, यावर मात्र मी महिनाभर घुटमळत होते. एक रस्ता जावा या प्रोग्राम लिहायच्या साध्या भाषेचा. एकदा लिहिलं की कुठल्याही कंपनीच्या फोनवर, अगदी टीचभर पडद्यावरसुद्धा चालणार, पण अक्षरं चित्रं म्हणून एकेक चिकटवायची आणि रूप अगदीच गरीब. दुसरं, पुण्यातल्या मैत्रिणीने सुचवलेलं नवं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा. तेही सगळ्या कंपन्यांच्या फोनांवर चालायचं, फक्त फोन मोठा आणि रंगीत हवा. त्यातला पिवळा रंग असा होता की बघत राहावं.

मी स्वतःला फार शहाणी समजायची. म्हटलं, आधी फोन बघू, मग ठरवू. एका रविवारी अकराही घरं फिरले आणि यादी केली. घराघरातून मोठे रंगीत फोन निघाले. कुणी रुमालातून काढला, कुणी कपाटातून. बाबांनीही खिशातून एक चकचकीत फोन काढला आणि म्हणाले, "नवा घेतला." मी हरखून गेले. नव्या फ्रेमवर्कवर प्रोग्राम लिहिला. तो घालायला गेले तेव्हाही तेच फोन पुढे आले.

हंगामाच्या मध्यात घरी गेले तर अंगणात आमची हळद ढिगाने पडलेली, वरून सुकत चाललेली. कढई आमच्या पुढच्या घरी पेटलेली. बाबा ओट्यावर बसले होते. हातात त्यांचा जुना, रबर लावलेला फोन.

"पाळी गेली, बाबा? मेसेज आला नाही?"

"आला व्हता की. नुसते आकडे आले. म्हणलं, पिवळं मागून येऊन राहिलं असंल."

"पण हा तो फोन नाही. तुमचा नवा फोन कुठाय?"

"तो तुझ्या चुलत्याचा. त्याचा त्याला देला. सीम तर माझंच हाय ना यात?"

प्रोग्राम फोनात असतो, सीममध्ये नाही, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. तीन दिवस ते पडदा पिवळा व्हायची वाट बघत ओट्यावर बसले होते. बाकीच्या घरीही मागून आणलेलेच फोन होते, पाहुण्यांपुढे शेजारच्या कपबश्या ठेवाव्यात तसे. पण त्यांनी माझ्या प्रोग्रामवर काडीचा भरवसा ठेवला नव्हता, ते आपले चालत जाऊन बघत होते. भरवसा ठेवला एकट्या बाबांनी. मला तिथंच रडू फुटलं.

"दुसऱ्याचा फोन काहून दाखवला?" मी त्यांच्याच बोलीत ओरडले.

"तू यादी करून राहिली व्हतीस, माय. आपलंच घर सगळ्यात खाली काहून लिहायचं तुझ्या हातानं?"

त्या वर्षी आमची हळद फिकी निघाली.

नंतर मी सगळं पुसून साध्या जावावर पुन्हा लिहिलं. बाबांच्या टीचभर पडद्यावर जेवढं मावेल तेवढंच ठेवलं. त्यांच्या फोनवर घालून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून एकेक अक्षर वाचलं.

"मंग आता यादीत आपलं घर कुठं?"

"पहिलं. जे तुमच्या फोनवर चालेल ते सगळ्यांच्या चालेल. तुमच्यापासूनच सुरुवात केली."

त्यांनी फोनला पुन्हा रबर लावलं. मग फोन खिशात घालून हळू आवाजात म्हणाले, "बराबर हाय. पर पहिलं कशापायी, हे कुणाला सांगू नको."