ऊन पाण्यात आई उकिडवी बसली

दिवाळी होऊन गेली तरी आमची मेंढरं निमगाव सावाच्या शिवारातच होती. एरवी तोवर ती मढ मागं टाकून माळशेज उतरायला लागलेली असतात. आजूबाजूचे सगळे वाडे कोकणाकडं निघून गेले होते. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. कळप, बिऱ्हाड, ते वाहणारी घोडी, कोंबड्या, कुत्री, पोरं असं जे मिळून चालतं त्याला आमच्यात वाडा म्हणतात. आमचा वाडा आईच्या गुडघ्यांपाशी अडला होता.

लोकांना वाटतं मेंढपाळाचं काम म्हणजे चालणं. फोटोतसुद्धा तेच असतं: फेटेवाला म्हातारा, खांद्यावर काठी, मागं मावळता सूर्य. मी काम करते त्या मेंढपाळ संघटनेच्या पत्रकावरही हाच फोटो. मी दरवेळी म्हणते काढून टाका, दरवेळी तो छापून येतो. त्यात बाई कुठंच नसते. खरी गोष्ट अशी की पुरुष मेंढरांमागं जातो आणि उरलेलं सगळं बाईवर असतं, आणि ते सगळं उकिडवं बसून करायचं असतं. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी उकिडवं बसून. कोकराच्या तोंडात सड द्यायचा तो उकिडवं बसून. विताना अडलेली मेंढी सोडवायची, धुणं आपटायचं, भांडी घासायची, सगळं तसंच. मुक्काम रोज नवा, त्यामुळं ना ओटा, ना खुर्ची. बाईला उकिडवं बसता आलं नाही तर वाडा हलत नाही. हे चराईच्या कुठल्याही मागणीपत्रात सापडणार नाही, कारण मागणीपत्र लिहिणारे खुर्चीवर बसतात.

जुन्नरच्या डॉक्टरनं आईच्या गुडघ्यांचे फोटो काढून सांगितलं होतं की दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील. बदलल्या की चालता येईल, पण खाली बसायचं कायमचं विसरायचं. आईनं विचारलं, "मग बदलून काय करू?" डॉक्टर हसला. त्याला तो विनोद वाटला.

माझ्या बापानं, आप्पांनी, मेंढरं विकायला व्यापाऱ्याला बोलावलं. तो येऊन कळपात फिरला, मेंढ्यांच्या पाठी दाबून बघितल्या आणि निरोपाची वाट बघतो म्हणून गेला. भाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याला रजा नाही आणि खरं तर इच्छाही नाही. मी म्हटलं, मी येते वाड्याबरोबर. आईनं एवढंच विचारलं, "अडलेली मेंढी सोडवता येती का तुला?" मला येत नाही. मला पाचवीपासून घोडेगावच्या वसतिगृहात तिनंच ठेवलं होतं, हे काम माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून. तिची ती एक योजना तेवढी शंभर टक्के यशस्वी झाली.

मग एका संध्याकाळी आई म्हणाली, मला ऊन पाण्यात न्या.

घाटाखाली नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. वाट बदलायच्या आधी वाडा दरसाल तिकडून जायचा. भातं निघालेल्या खाचरांत मेंढरं बसायची आणि बाया दिवस मावळताना झऱ्यावर जायच्या. तिथं पाय सोडून बसलं की वर्षभराचं दुखणं निघून जातं, असं आई म्हणायची. माझा जन्मही त्याच वाटेवरचा. पाचव्या दिवशीची पाचवी तिथं, झऱ्याकाठी दगड मांडून पुजली होती. आईनं आप्पांना सांगितलं, तिथं जाऊन येते, बसता आलं तर वाडा निघंल, नाही आलं तर तुम्हांला काय करायचं ते करा. आप्पा म्हणाले, बरं.

चुलतभावाची कांदे वाहायची पिकअप होती. आई खिडकीशी, मी मध्ये. ओतूर गेलं, मढ गेलं, घाटात धुकं होतं. चुलतभाऊ सगळी वाट तिची थट्टा करत होता. काकी, तिथं सगळ्या पुण्या-मुंबईच्या बाया येत्यात, तुझं लुगडं बघून त्यांचं पाणी थंड पडंल. आई म्हणाली, पडू दे, माझं भिजून झाल्यावर पडू दे. ती लई खुशीत होती. मला तिची खुशी बघवत नव्हती. एखाद्या माणसाचं सगळं आयुष्य अंघोळीवर टांगलेलं असावं, ही कसली व्यवस्था आहे, हे मी मनात लिहीत होते. मी सगळंच मनात पत्रकासारखं लिहिते. त्याचा उपयोग काहीही होत नाही.

झऱ्याच्या जागी पार्क झालेला. नैसर्गिक गरम पाण्याचा पार्क, कमान, खोटे खडक, खोट्या खडकांत स्पीकर. मूळ झरा काचेखाली बंद करून आत हिरवा दिवा लावलेला, आणि लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते. पाणी तिथून पाइपानं फरशीच्या टाक्यांत नेलेलं. वास मात्र तोच, गंधकाचा. आई काचेपाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. "हाच त्यो," म्हणाली. "कोंडला की ह्याला."

तिकिटाच्या खिडकीनंतर पाटी होती. नायलॉनचा पोशाख सक्तीचा, साडी किंवा लुगडं नेसून पाण्यात उतरण्यास मनाई. पाटीखाली निळ्या टीशर्टातली एक बाई बसली होती, आईच्या आणि माझ्या वयाच्या मधली, जवळच्याच गावची. तिनं आईकडं बघितलं आणि पोशाखाच्या टोपलीकडं बोट केलं.

मी सुरू झाले. हे पाणी कुणाच्या बापाचं आहे का, इथं ही बाई लहानपणापासून अंघोळ करत आली आहे, तेव्हा तुमचा पार्क कुठं होता, नियम कुणी केला, लेखी दाखवा. माझा आवाज सभेतला असतो, लवकर चढतो. रांगेतले लोक मागं सरकले. एकानं मोबाइल वर केला. निळ्या टीशर्टातली बाई शांतपणे म्हणाली, "ताई, लुगड्याचं सूत फिल्टरमध्ये अडकतं. मला रोज हेच ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही जा, साहेबांना बोला, मी काय करू?" साहेब पुण्याला होते.

आईनं माझा दंड धरला. "तू गप. मी भांडायला न्हाई आले. गुडघं भिजवाया आले."

तिला तो पोशाख मीच घातला. निळी गुडघ्यापर्यंतची चड्डी, निळा टीशर्ट, पाठीवर उडी मारणारा डॉल्फिन. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पिंढऱ्या उघड्यावर आल्या. तिच्या गुडघ्यांना गाठी आल्यात हे मी तेव्हा बघितलं; लुगड्याखाली ते कधी दिसलं नव्हतं. आरशापुढं तिनं स्वतःला एकदा बघितलं आणि पदर शोधायला हात खांद्याकडं गेला. पदर नव्हता. मग ती हसली. "कातरलेल्या मेंढीवानी दिसतीय गं मी."

टाकीच्या कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरली. पोरं ट्यूबवर बसून ओरडत होती, दोन मुली पाण्यात उभ्या राहून व्हिडिओ बनवत होत्या, हिंदी गाणं वाजत होतं. आई एका कोपऱ्यात गेली. पाणी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. डोळे मिटले. कपाळावर घाम आला. मी काठावर पाय सोडून बसले होते आणि या टाकीविरुद्ध, या गाण्याविरुद्ध, सगळ्याविरुद्ध माझा राग हळूहळू दमत चालला होता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि कठड्याचा हात सोडला. खाली जायला लागली. खांदे बुडाले, मग मान. फक्त हनुवटी वर राहिली.

"बघ," ती म्हणाली. "बसले."

मी पाण्यात उतरून खाली हात लावून बघितलं. खरंच टाचांवर बसली होती, उकिडवी, पूर्ण. गुडघे छातीला टेकलेले. तशीच उठली, परत बसली. तिसऱ्यांदा बसून तिनं हात पुढं केले आणि पाण्यातच भाकरी थापल्यासारखे हलवले. शेजारच्या बाईला वाटलं ही योगासनं करते. तिनं विचारलं, मावशी, मलाही शिकवा. आई तिला म्हणाली, आधी पीठ आण.

मी ओल्या अंगानं जाऊन आप्पांना फोन लावला. सांगितलं, आई बसली. त्यांनी विचारलं कुठं, मी म्हटलं पाण्यात, तीनदा बसली, स्वतःहून उठली. पलीकडं मेंढरांची बें बें चालली होती. मग ते म्हणाले, बरं, मग व्यापाऱ्याला नको म्हणून सांगतो. आवाज कोरडाच, पण फोन ठेवायच्या आधी त्यांनी दोन वेळा "बरं" म्हटलं. माझा बाप एकाच गोष्टीला दोनदा बरं म्हणत नाही.

बाहेरच्या ओल्या फरशीवर मीच तिला बसू दिलं नाही, घसरशील म्हणून. येताना गाडीत तिची बडबड थांबेना. उद्या पालाचं कापड झटकायचं, रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी विणून घ्यायची, पहिला मुक्काम कुठं टाकायचा. चुलतभाऊ म्हणाला, काकी, ह्या वक्ताला मीच येतो राखोळीला, मेंढरं वळायला. ती म्हणाली, तू नको, तुला भूक लई लागती.

घाट चढून मढच्या अलीकडं आलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेच्या खाचरात एक वाडा उतरलेला दिसला. आमच्या लांबच्या सोयऱ्यांचाच होता. आईनं गाडी थांबवायला लावली. मेंढरं वाघरीत येत होती, एका अंगाला पाल, पालापुढं चूल पेटलेली, ओझं उतरवलेली घोडी खुंट्याला. चुलीशी त्या घरची बाई भाकरी करत होती, उकिडवी. वय आईपेक्षा थोडं कमी. तिनं हाक मारली, "या पावणं. यंदा लई उशीर केला तुमी, आमी म्हणलं वाट सोडली का काय." आई म्हणाली, येतोय, मागनं येतोय. "मग बसा की," ती म्हणाली, आणि पुढ्यातली जागा हातानं साफ केली.

आई चुलीपुढं उभी राहिली. लुगडं दोन्ही हातांनी आवरलं, तसं ती हजारदा आवरत आली आहे. आणि बसायला लागली. मी तिच्या मागं होते. अर्ध्यात गेल्यावर तिचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. ती थांबली नाही. तिनं अंग खाली लोटलं, आणि गुडघ्यांनी ते घेतलं नाही. ती बाजूला, काटक्यांच्या भाऱ्यावर पडली. तवा कलंडला. त्या बाईनं आणि मी तिला काखेत धरून उठवलं, तर आईनं आम्हांला झटकलं आणि परत बसायला गेली. या वेळी मी तिला पडू दिलं नाही, धरून ठेवलं. उभ्या उभ्या तिचे पाय थरथरत होते.

 मग त्या घरची बाई भाकरीवरची माती पुसत म्हणाली, "माझा बी उजवा तसाच चाललाय."

आईला बसायला काही नव्हतं. चुलतभावानं पिकअपचं दार उघडलं आणि ती सीटवर बसली, पाय बाहेर सोडून. चहा तिला तिथंच नेऊन दिला. मला तेव्हा कळत होतं काय झालं ते. पाण्यात माणूस हलकं होतं. गुडघे तेच होते, फक्त अंगाचा भार पाण्यानं धरला होता. शाळेत शिकलेली गोष्ट आहे, मी त्यात पूर्ण मार्क घेतले होते. आईला ते मला सांगावं लागलं नाही. तिनं कप परत दिला आणि म्हणाली, "लाव फोन."

मी लावला. तिनं माझ्या हातातून घेतला.

"अहो, त्याला नको म्हणला का? परत लावा. द्या मेंढरं."

आप्पा काहीतरी म्हणाले. पोरीनं तर सांगितलं बसली म्हणून, असंच असणार.

"पाण्यात बसले," आई म्हणाली. "पाण्यात मेंढरं चरत न्हाईत."

फोन बंद करून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, आपण मोठ्या दवाखान्यात दाखवू, अजून एकदा विचारू. संघटनेत कुणाशी तरी बोलते. चराईसाठी आम्ही निवेदनं देतो, वाट मागतो, पाणी मागतो. गुडघे कुणाकडं मागायचे हे मला माहीत नव्हतं, आणि माझं बोलणं मलाच भिकाऱ्यासारखं वाटायला लागलं. आई ऐकत नव्हती. ती खुंट्याला बांधलेल्या त्या घोडीकडं बघत होती. मग तिनं त्या बाईला जवळ बोलावलं.

"आमची घोडी न्याल का?" ती म्हणाली. "मेंढरं घेणारा मानूस घोडी नेत न्हाई, आन नेली तर कुठं नेईल काय सांगावं. तुमच्याकडं राहील. वाटंला मुरलेली हाय."

ती बाई म्हणाली, घरच्याला विचारते, पण एक आमचीही थकलीच आहे. घेऊ.

"डाव्या अंगाला भांडी बांधू नका, वाजली की बुजती. कोकरं वर ठिवली तर गुमान चालती. आन घाट उतरताना तिच्या म्होरं बाईमाणूस लागतं, न्हाईतर हलत न्हाई."

"आजवर कोण चालायचं म्होरं?" त्या बाईनं विचारलं.

"मीच की," आई म्हणाली.

चुलतभावानं गाडी सुरू केली, अंधार पडेल म्हणाला. आईनं पाय आत घेतले, एकेक, हातानं उचलून. दार लावून घेतलं आणि काच खाली करून त्या बाईला परत सांगायला लागली. भांडी उजव्या अंगाला. दावं सैल ठेवायचं. उतारावर थांबली तर मारायचं नाही, नुसतं पुढं चालत राहायचं, ती येते.